सेलचं पाकीट

गल्लीतला हातपंप उपटून सरपंचाच्या गोठ्यापाशी न्यायचा ठराव होता. त्याला विरोध करायला कौसाबाई सोयाबीनची सोंगणी अर्धी टाकून ग्रामसभेत आल्या, आणि ऐन वेळी त्यांच्या कानातलं मशीन बंद पडलं.

नवा सेल पिशवीत होता. पण लेकरांनी गिळू नये म्हणून त्याचं पाकीट इतकं चिवट केलेलं, की कौसाबाईंची नखं हरली, दातही हरले. समोर सरपंचाचे ओठ हलत होते, ऐकू काहीच येत नव्हतं. आता हा ठराव मंजूर करून मोकळा होतो, या धास्तीनं त्या ताडकन उठल्या, कमरेला खोचलेला विळा उपसला आणि मुठीतलं पाकीट टरकन फाडलं.

सेल बसला. कानात खरखर झाली आणि सरपंचाचा कापरा आवाज आला, "माय, तू अगोदर खाली बस! हातपंप तिथंच राह्यते, कुठीच नाही नेत!"

कौसाबाईंना क्षणभर काही उमजेना. मग हातातल्या विळ्याकडे पाहून त्या सावकाश म्हणाल्या, "तसं लिहून घे मंग. तोवर मी उभीच हाय."