निळ्या ग्लासातला रस

"हेलिकॉप्टर!" ऑरिन ओरडला. शेळीच्या दुधाची बादली तिथंच टाकून तो झाडांवर ताडपत्री ओढायला धावला. आकाशात काहीच नव्हतं. असतं तरी काय बिघडलं असतं? गांजा लावायचा सरकारी परवाना आता फाटकावरच टांगलेला होता. पोलीस आकाशातून उतरायचे ते दिवस कधीच सरले. तरी त्याच्या काळजाची धडधड थांबेना.

"अरे, आतला फ्रिज घरघरतोय," पायरीवर बसलेली त्याची बायको थिया म्हणाली. "वेंधळ्या, सगळं दूध सांडलंस. आता पोरीच्या कॉफीत काय घालणार?"

पोरगी म्हणजे जुनिपर. कित्येक वर्षांनी ती आज घरी येत होती. निघून जाताना म्हणाली होती, "या घरात शुद्धीवरचं माणूस सापडतच नाही मला." ते थियाच्या जिव्हारी लागलं होतं. आता पोटातल्या गाठीनं तिला पोखरलं होतं, डॉक्टरांनी हात टेकले होते. पण गुंगीची एकही गोळी ती घेईना. "लेकीला भेटेन ती स्वच्छ डोक्यानं. मग काय वाटेल ते दे."

म्हणून दुखण्यावर रोज सकाळी फक्त गांजाच्या कच्च्या पाल्याचा रस. कच्च्या पाल्यात टीएचसी, म्हणजे नशा आणणारं द्रव्य, असतं ते आम्लाच्या रूपात. त्यानं डोकं फिरत नाही, हे गांजा पिकवणाऱ्या या हम्बोल्टच्या डोंगरात शेंबडं पोरही जाणतं. आच लागली की ते रूप पालटतं आणि मग चढतं. धूर ओढला तर लगेच चढतं, लवकर उतरतं. पोटात गेलं तर यकृतातून आणखी वेगळं होऊन निघतं. उशिरा येतं आणि ठाण मांडून बसतं. ऑरिननं तरुणपणी धूर पुष्कळ ओढला होता. खाल्लं मात्र कधीच नव्हतं.

पण बायको रात्रभर उशी दातांत धरून पडते, हे त्याला बघवेना. गेल्या आठवड्यात त्यानं गुपचूप कळ्या मंद आचेवर भाजल्या, लोण्यात घोटल्या आणि तिच्या निळ्या ग्लासातल्या रसात कालवायला सुरुवात केली. स्वतःच्या मगात मात्र कच्चा रस. "तू प्यायलास तरच मी पिईन," अशी तिची अटच होती. ग्लास आणि मग टेबलावर मांडून तो शेळ्यांना चारा घालून यायचा, मग दोघं तोंड वाकडं करत पीत.

तेव्हापासून घराचं तंत्र बिघडलं. थियानं सूपमध्ये दोनदा मीठ घातलं आणि वर म्हणाली, तूच घातलंस. गाडीच्या किल्ल्या अंड्यांच्या टोपलीत सापडल्या. आणि ती बोलायची तर इतकी सावकाश, की वाक्य संपेतो ऑरिन त्याची सुरुवात विसरून जायचा. तिचं डोकं आपण नासवलं, या विचारानं त्याला दरदरून घाम फुटायचा. लेकीसमोर ही अशीच बरळली तर? पोरगी पुन्हा या घराची पायरी चढायची नाही.

खालच्या वळणावर गाडीचा आवाज आला. या खेपेला तो खरा होता. ऑरिन थियाशेजारी मटकन बसला.

"थिया, मी पाप केलंय गं. तुझ्या रसात भाजलेलं घालत होतो. तुझं दुखणं बघवत नव्हतं. आठवडाभर तू शुद्धीवर नाहीस आणि आता पोरगी दारात आलीये."

थियानं त्याच्याकडं रोखून पाहिलं. किती वेळ, ते त्याला कळेना. मग तिनं बाहीनं त्याच्या कपाळावरचा घाम पुसला.

"आयुष्य गेलं माझं या झाडांत. भाजलेल्या कळीचा वास मला यायचा नाही होय? पहिल्याच दिवशी आला. तू शेळ्यांकडं गेलास की ग्लासातला रस तुझ्या मगात ओतत होते, मगातला माझ्या ग्लासात. आज कबूल करेल, उद्या करेल, म्हणून वाट बघत बसले."

ऑरिनचं तोंड उघडंच राहिलं. फाटक करकरलं. थिया कठडा धरून, दात आवळून उभी राहिली.

"आता तोंड मिट आणि गप बसून राहा. शुद्धीवरचं माणूस या खेपेला तरी सापडू दे तिला."