मॅडमच्या आवाजात

बातमी आली त्या दिवशी सुभेदार घोरपडे स्वतः सदानंदच्या दारात उभे होते. हिमकडा कोसळून त्याची बायको, मेजर मृण्मयी, गेली होती. पण जवानांच्या हेल्मेटमधलं यंत्र तिच्याच आवाजात हुकूम देत राहिलं आणि तिची तुकडी सुखरूप खाली उतरली.

"ती गेल्याचं तुम्हाला कळलंच नाही?" सदानंदनं विचारलं.

"पहिल्याच मुक्कामाला कळलं, साहेब. आवाज म्हणाला, 'मी जेवले, तुम्ही उरका.' मॅडम आमच्याआधी कधी जेवल्यात?"

"तरी त्याचं ऐकलंत?"

"आवाज मॅडमचा होता ना. सगळ्यांना कळलं होतं, पण बोललं कुणी नाही. बोललो असतो तर पाय उचलला नसता."

सदानंदनं त्यांना ताट वाढलं. सुभेदारांनी ताटाला हात लावला नाही.

"मॅडमना खाली आणायचं अजून राहिलंय, साहेब," ते म्हणाले.