खंडेनवमीची लँग्वेज लॅब

विद्याश्रीबाईंनी कॅसेट घातली आणि बटण दाबायला बोट पुढे केलं, तोच आण्णांनी हात आडवा घातला.

"बाई, आज खंडेनवमी. पुजलेलं यंत्र आज चालवायचं नसतंय."

आण्णा म्हणजे शिरोळकडच्या या हायस्कूलचे चेअरमन. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. खंडेनवमीला ट्रॅक्टर काय, यंत्रमाग काय, सगळ्यांना हळदकुंकू लावून गप्प बसवतात. पण मुंबईच्या कंपनीने दिलेली ही कॅसेटवरचं इंग्रजी हेडफोनने ऐकायची लँग्वेज लॅब आल्यापासून गप्पच होती. पोरं मोडतील म्हणून आण्णांनी खोलीला कुलूप ठोकलेलं. त्यांच्याकडे हेलपाटे घालून बाईंच्या चपला झिजल्या. शेवटी त्यांनी शब्द दिला, कंपनीचे साहेब येणार आहेत, त्यांना चालवून दाखवा, मग किल्ली तुमची. आणि साहेबांना बोलावलं ते नेमकं आज.

पोरांनी इंग्रजी ऐकलं होतं ते फक्त बाईंच्या तोंडून, आणि बाईंनी त्यांच्या मास्तरांच्या. ती भाषा खरी बोलतात कशी, हे आज पहिल्यांदा कानावर पडणार होतं.

मग साहेबांना दाखवायचं काय, असं बाईंनी विचारलं. आण्णा म्हणाले, हेडफोन घालून बसवा की, फोटोला तेवढंच लागतं. पोरं कुंकवाची बोटं लावलेले मुके हेडफोन घालून बसली. माना डोलवायलाही आण्णांनीच शिकवलं.

साहेब आले, पेढा खाल्ला, फोटो झाले. पहिल्या बाकावरच्या शिवलीलाजवळ ते थांबले. दहावीतली ही पोरगी इंग्रजीच्या तासाला कधी मान वर करत नसे. नीट ऐकू येतंय का, असं त्यांनी तिला इंग्रजीत विचारलं. कानावर हेडफोन असूनही तिला ते स्वच्छ ऐकू गेलं, याचं साहेबांना काहीच वाटलं नाही.

शिवलीलाने आण्णांकडे पाहिलं, मग बाईंकडे. बाईंनी नजर खाली वळवली.

"येस सर. व्हेरी क्लिअर, सर."

टाळ्या पडल्या. पुढच्या वर्षी कॉम्प्युटर देतो, असं साहेबांनी तिथल्या तिथे जाहीर केलं.

त्यांची गाडी फाटकाबाहेर गेली तशी बाईंनी किल्लीसाठी हात पुढे केला. आण्णा कुलूप लावत होते.

"आता कॉम्प्युटर येणार म्हटल्यावर ह्याला कशाला हात लावायचा? ऱ्हाऊ दे की नवंकोरं."

बाईंना शिसारी आली. आण्णांची आली, साहेबांची आली, दुसऱ्या हातात तसाच राहिलेल्या पेढ्याचीसुद्धा आली. आणि सगळ्यांत जास्त आली ती मघाशी खाली वळलेल्या स्वतःच्या नजरेची. पेढा त्यांनी व्हरांड्यातून भिरकावून दिला.

शिवलीला धावत आली. तिच्या दोन्ही कानांना कुंकू लागलं होतं.

"बाई, माझं इंग्रजी बरोबर आलं न्हवं?"

वर्षभरात त्या पोरीचा चेहरा इतका फुललेला बाईंनी पाहिला नव्हता.

"आलं," त्या कशाबशा म्हणाल्या.

"मग कॉम्प्युटर आल्यावर काय बोलायचं, ते आत्ताच शिकवून ठेवा की."