बंदुकीतली फुंकर

कल्याणच्या कचेरीत मेजावर ठासणीची बंदूक आडवी ठेवली होती. नळीवर ना कारागिराची खूण, ना धन्याचं नाव. ती टिटवाळ्याच्या रानात सापडली. शिकारीला गेलेला हौसाबाईचा नवरा मात्र सापडला नव्हता.

"त्यांचीच का ही?" कारकून विश्रामपंतांनी विचारलं.

"कशी सांगू? मला बंदुकीजवळ फिरकू देत नव्हते," खाली बसलेली हौसाबाई म्हणाली.

ओळख पटली नाही तर बंदूक भट्टीत जायची. त्याआधी ती रिकामी आहे ना, हे बघायला धोंडीबा लोहाराला बोलावलं होतं.

"मी तोंडाकडून फुंकतो. तुम्ही मागं बत्तीच्या भोकावर बोट धरा. वारा लागला तर नळी रिकामी."

विश्रामपंतांनी वाकून बोट धरलं. उबदार वारा लागला. थांबला, पुन्हा लागला. लवंगेचा वास खोलीभर झाला.

"रिकामी आहे. पुरे आता, धोंडीबा."

धोंडीबा अजून धोतराच्या सोग्याने नळीचं तोंड पुसत होता. "मी फुंकलं कुठं अजून?"

बोटाला वारा लागतच होता.

हौसाबाईने खांद्यावरचा पदर डोक्यावर ओढला, आणि घरधनी आत आल्यावर उठावं तशी ती उठून उभी राहिली.