डावऱ्याचं चित्र

"हलू नकोस," हॅलमने तिसऱ्यांदा सांगितलं.

"त्याला गप्प बसवणं तोफेला जमलं नाही साहेब, तुमच्या पेन्सिलीला काय जमणार," शेजारी बसलेला शिपाई प्रायमस म्हणाला. "डावऱ्या, मान वर. सासरचे बघायला आल्यासारखा लाजू नकोस."

तंबूपुढे बसलेले सगळे हसले. छावणीत ईसमला डावऱ्याच म्हणत. खरं नाव सकाळच्या हजेरीपुरतं. दारूगोळ्याच्या रिकाम्या पेटीवर बसून त्याने वाळक्या भोपळ्याचं, व्हायोलिनसारखं फिडल छातीशी धरलं होतं, गज तारांवर टेकवला होता आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून तो कागदाकडे बघत होता.

गुलामगिरीविरुद्ध लढणाऱ्या उत्तरेच्या सैन्यातल्या काळ्या शिपायांच्या या पलटणीत येऊन त्याला चार महिने झाले होते. हॅलमला उत्तरेकडच्या एका साप्ताहिकाने लढाईची चित्रं काढायला पाठवलं होतं. दुपारच्या टपालबोटीने चित्र जाणार, छापून निघणार, हजारो घरांत पोचणार. कॅप्टनचा हुकूम होता, त्यामुळे ईसमला नाही म्हणता आलं नाही. खरं सांगायचं तर त्याला म्हणायचंही नव्हतं. काळ्या माणसाचं छापलेलं चित्र त्याने आयुष्यात एकच पाहिलं होतं: पळालेल्या गुलामाच्या जाहिरातीतलं, खांद्यावर काठी आणि काठीला गाठोडं. कोणीही पळो, छापखान्यातला ठसा तोच. आज गणवेशातला, स्वतःचा चेहरा असलेला माणूस कागदावर उतरत होता. कोणाचीही छाती फुगली असती.

हॅलमने वही फिरवून दाखवली. भुवईवरचा चाबकाचा वण आला होता. कानाची तुटलेली पाळीही आली होती. ईसमने त्या वणावर बोट ठेवलं.

"साहेब, हे पुसा."

"का रे? त्यामुळेच तर चेहऱ्याला जोर आलाय."

"पुसा म्हणतो ना!"

ईसमने आवाज खाली आणला. "तुमचं साप्ताहिक नदीपलीकडे जातं?"

"जातं की. शिव्या घालायला का होईना, तिकडचे मळेवाले ते मिळवून वाचतात."

"माझाही मालक वाचतो. मी नदीकाठी कोट आणि टोपी ठेवून आलोय साहेब. त्याच्या लेखी मी बुडालो. बुडालो म्हणूनच माझी बायको व्हायनी आणि पोरगी अजून एका झोपडीत आहेत. जो पळून सैन्यात जाईल त्याची बायको एकीकडे विकीन आणि पोरं दुसरीकडे, असं त्याने आम्हा सगळ्यांना अंगणात उभं करून सांगितलंय. नुसतं सांगत नाही तो. दोघांच्या घरी तसं केलंय."

हॅलम माणूस चांगला होता. त्याने खिशातल्या पावाचा गर काढला आणि कागदावर घासला. वण गेला. कान पुरा झाला. मग त्याने नाक पसरट केलं, गाल भरले आणि हनुवटीवर दाढी चढवली.

"आता तुझी आईसुद्धा ओळखणार नाही."

"साहेब, मलाही असंच धुऊन काढा," प्रायमस म्हणाला. "नाव काय घालणार याचं?"

"नाव घालत नाही. 'फिडल वाजवणारा शिपाई', एवढंच." हॅलमने कागद लांब धरला. "हातांना मात्र मी धक्का लावलेला नाही. हात मला असे कधीच जमले नव्हते. बघ, पेरन् पेर तुझंच आहे."

ईसमने पाहिलं. खरंच त्याचेच हात होते. त्याला बरं वाटलं.

धक्क्यावर बोटीची शिटी झाली. हॅलमने कागद गुंडाळून चामडी नळीत सरकवला आणि तो उतारावरून पळत सुटला. थोड्या वेळाने बोटीवर चढायची फळी ओढून घेतल्याचा आवाज आला. बोट फिरली, प्रवाहाला लागली आणि झाडांआड गेली.

"सुटलास बाबा," प्रायमस म्हणाला. "आता तरी वाजव."

ईसमने गज ओढला. चार महिन्यांत इतक्या मोकळ्या मनाने त्याने वाजवलं नव्हतं. पाण्याची पिंपं घेऊन आलेला एक नवा गाडीवान खेचर थांबवून बघत राहिला.

"हा असा उलटा का वाजवतो रे?"

"म्हणून तर डावऱ्या," प्रायमस म्हणाला. "आहे का असा दुसरा कोणी तुझ्या पाहण्यात?"

सूर मध्येच तुटला.

ईसमने स्वतःच्या डाव्या हाताकडे पाहिलं, त्यातल्या गजाकडे पाहिलं. जेवणं उरकली की मालक त्याला दिवाणखान्यात बोलावून घ्यायचा आणि पाहुण्यांना सांगायचा, "डाव्या हाताने फिडल वाजवणारा सबंध व्हर्जिनियात हा एकच. आणि तो माझा आहे."

ईसम उठून धक्क्याच्या दिशेने चार पावलं धावला आणि थांबला. नदीच्या वळणावर नुसता धूर उरला होता. त्याने गज डाव्या हातातून उजव्या हातात घेतला आणि तारांवर टेकवला. गंजलेल्या बिजागरीसारखा एक आवाज निघाला.

"अरे डावऱ्या," मागून कोणीतरी ओरडलं, "चांगलं चाललं होतं की! थांबलास का?"