नावाची पाटी

लग्नाची पहिली अक्षत ग्रामदेवतेला द्यायची, म्हणून आबा मला आणि माझ्या होणाऱ्या इंग्रज नवऱ्याला घेऊन धरणावर आले होते. आमचं गाव, वाघजाईच्या देवळासकट, या पाण्याखाली आहे. चपला काढून आबा गुडघाभर पाण्यात उतरले आणि हळदीच्या अक्षता त्यांनी पाण्यावर सोडल्या.

येताना गाडीत आबांचं आणि माझं आडनावावरून वाजलं होतं. "लग्न झालं की बाई नवऱ्याचं आडनाव लावते. तुझंच काय वेगळं?" असं ते म्हणाले होते, आणि मीही गप्प बसले नव्हते.

पाण्याबाहेर येऊन ते म्हणाले, "जे आडनाव तुला नकोय, त्याचा अर्थ तरी विचार त्याला."

मी विचारलं आणि आबांना मराठीत सांगितलं, "थॉर्नटन म्हणजे काटेरी झाडांचं गाव. त्याचे पूर्वज तिथले, म्हणून हे आडनाव."

"म्हणजे आपल्यासारखंच की. खैरवाडीचे म्हणून आपण खैरवाडकर." आबांचा आवाज जरा निवळला. "मग ते गाव आहे अजून?"

"आहे. याचं तिथे आता कुणी नाही, पण चर्च आहे, शाळा आहे. रस्त्यावर नावाची पाटी आहे."

आबा पाण्याकडे वळले. तांदूळ केव्हाच तळाला गेले होते; हळद तेवढी वर तरंगत होती.

मग चपला पायात सरकवत ते म्हणाले, "त्याच्या गावाला पाटी आहे, पोरी. तू आपलंच नाव लाव."