टॅमी – जपून

"फोटो नोरीननंच पुसले," अल्विन म्हणाला. "या कॉम्प्युटरला तिच्याशिवाय हात कोण लावतं?"

त्याची बायको नोरीन स्वयंपाकघराच्या दारात ओले हात पुसत उभी होती.

शेजारच्या लिओनीनं खुर्ची पुढे ओढली. कारखान्यातल्या भट्टीवरची नोकरी सोडल्यावर अल्विन पोर्ट पिरी गावच्या हॉलमध्ये म्हाताऱ्याकोताऱ्यांना कॉम्प्युटर शिकवायचा. माउस कसा धरायचा इथपासून सगळं तिला त्यानंच शिकवलं होतं. हल्ली तो फार विसरायचा, आणि आज त्याचाच फोन आला होता. टॅमीचे फोटो गेले. टॅमी, त्या दोघांची मुलगी, आता या जगात नव्हती. तिचे नवे फोटो निघणार नव्हते.

नेहमीच्या जागी काही नव्हतं. रिसायकल बिनही रिकामं. लिओनी शोधत राहिली. शेवटी प्रिंटरच्या माहितीपत्रकांच्या फाइलींमध्ये एक फोल्डर दिसलं: 'टॅमी – जपून'. उघडलं तर आत दुसरं: 'टॅमी – नीट जपून'. त्याच्याही आत आणखी एक: 'टॅमी – कुणाला सापडू नये'.

नावात अशी आडवी रेघ अल्विनच द्यायचा. वर्गात सगळ्यांना द्यायला लावायचा. नोरीन मात्र त्या वर्गात कधी बसली नव्हती.

फोटो तिथेच होते. गुडघाभर पाण्यात खेकड्यांची बादली धरलेली टॅमी. लग्नातली टॅमी. डोक्याला रुमाल बांधून हसणारी, शेवटच्या उन्हाळ्यातली.

लिओनीनं आधी सगळे पेन ड्राइव्हवर उतरवून घेतले. मग म्हणाली, "सापडले."

अल्विन पुढे वाकला. "लपवले होते ना? सांग, कुणी लपवले?"

लिओनीनं दाराकडे पाहिलं. नोरीननं मान किंचित हलवली. नको.

"माझ्याच हातून झालं, अल," नोरीन म्हणाली. "आवरायला गेले आणि घोळ करून बसले."

"घोळ? अगं, मी इथे रात्र रात्र..." तो थांबला. तिच्याकडे बघत राहिला. आता आवाज चढणार, असं लिओनीला वाटलं. पण त्याचा चेहरा हळूहळू सैल झाला.

"वेडे, येत नव्हतं तर विचारायचंस ना. सगळ्या गावाला शिकवलं, तुला नसतं शिकवलं?"

त्यानं लिओनीला उठवलं आणि नोरीनला खुर्चीत बसवलं. तिचा हात माउसवर ठेवला, त्यावर आपला ठेवला. दोघांच्या हातांखालून पडद्यावरचा बाण थरथरत सरकला आणि टॅमीच्या फोटोवर थांबला.

"घाबरू नकोस," तो म्हणाला. "यात काही हरवत नाही. फक्त कुठे ठेवलं, तेवढं लक्षात ठेवायचं."